रुग्णाची उठबस

आमच्या सासूबाईंना गल्लीत सगळे कडकबाई म्हणत. तोंडावर नाही, एवढी कुणाची छाती नव्हती. कपड्याला कडक इस्त्री आणि माणसाला त्याहून कडक, अशी त्यांची ख्याती. घराखालीच दुकान. दहा बाय आठची खोली, भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर दुमडलेली घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकांचे गठ्ठे. सासरे तरुणपणीच गेले, तेव्हापासून एकेचाळीस वर्षं ही बाई त्या टेबलापाशी उभी होती. उभी म्हणजे अक्षरशः उभी, कारण दुकानात खुर्ची नव्हतीच. "बसून इस्त्री करणारा आज ना उद्या कापड जाळतो," असं त्यांचं म्हणणं. बसलं की जोर नुसत्या खांद्यातून येतो, उभं राहिलं की अख्ख्या अंगातून येतो, हे त्या नव्या गिऱ्हाइकालाही ऐकवत. त्याने विचारलं नसलं तरी.

मी लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. तिथे मी वीस वर्षं काढली. पाय भरून आले म्हणून जरा उंबऱ्यावर टेकले, की लगेच, "काय सूनबाई, बसण्याचा मुहूर्त काढलाय का आज?" आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, काय गोड सासू-सून होत्या.

आमचे हे छापखान्यात प्रुफं तपासतात. स्वभावाने गरीब, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की यांचा घास अडतो. लग्न ठरल्यावर मी यांना एक पत्र लिहिलं होतं. यांनी ते लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलं, खाली 'मजकूर आवडला' असा शेरा मारून. मला तेव्हा हसू आलं होतं.

सासूबाई पडल्या तो मंगळवार होता, भर दुपार. शाळेच्या गणवेशांचा मोठा गठ्ठा आला होता. त्या वळल्या आणि इस्त्रीची वायर पायात आली. धाडकन वगैरे नाही, खाली बसल्यासारख्या पडल्या. पडल्या पडल्या पहिलं वाक्य, "इस्त्री उचल आधी, कापडावर राहील!" मी इस्त्री उचलली, मग त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. शेजारच्या दोघांनी वरून खुर्ची आणली आणि त्यांना तीत घालून चौदा पायऱ्या चढवून वर आणलं.

"लचक भरलीय. तेल लावा, उद्या उभी राहते," त्या म्हणाल्या.

आणि आम्ही ऐकलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई पडते, पाय हलवता येत नाही, हलवला तर ओरडते, आणि आम्ही दोन दिवस तेल चोळत आणि शेक देत बसलो. का, तर त्या म्हणाल्या म्हणून. त्यांच्या शब्दाबाहेर जायची सवयच नव्हती घरात कुणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पांघरूण बदलताना मला दिसलं, की तो पाय बाहेरच्या अंगाला वळून पडलाय आणि दुसऱ्या पायापेक्षा आखूड दिसतोय. तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन दिवस वेदनेने काही खाल्लं-प्यायलं नव्हतं, त्यामुळे अंगातलं पाणी कमी, रक्त कमी. ते भरून काढण्यात आणखी वेळ गेला आणि ऑपरेशन झालं ते पाचव्या दिवशी.

ऑपरेशन नीट झालं. पण दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर सासूबाई भलतंच बोलत होत्या. मला ओळखलं नाही. "तुमच्या साड्या उद्या मिळतील," म्हणाल्या. मग हळू आवाजात, "ते बघ, पलंगाखाली बसलेत, शर्ट मोजताहेत." ते म्हणजे सासरे, ज्यांना जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर होतो असा भ्रम. चष्मा लावा त्यांना, दिवसा बोलतं ठेवा, उतरेल." मी चष्मा लावला. सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, सकाळी एका पोरीने मला उभं केलं. घोडा धरून चार पावलं चालले मी."

घोडा! पलंगाखाली सासरे आणि वॉर्डात घोडा. आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. "हो हो, आई," हे म्हणाले आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. सासूबाईंनी तो हात झटकला.

घरी सोडायच्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी रजेवर होती. डॉक्टर राउंड संपवून गेले होते. त्यांच्या कागदावरचं अक्षर यांनाही लागेना, आणि यांना न लागणारं अक्षर म्हणजे विचार करा. म्हणून यांनी मोठ्या सिस्टरना विनंती केली, की घरी काय करायचं ते मराठीत लिहून द्या. बाई कामात बुडालेल्या होत्या, तरी उभ्या उभ्या त्यांनी चार ओळी लिहिल्या. गोळ्या वेळेवर द्याव्यात. टाके ओले करू नयेत. आणि शेवटी, 'रुग्णाची रोज नीट उठबस करावी, हयगय करू नये.'

हे रिक्षात तो कागद दोनदा वाचून खूश झाले. "बघ, चार ओळीत एक चूक नाही. असं लिहिणारी माणसं राहिली नाहीत आता."

"उठबस करावी म्हणजे नेमकं काय हो?" मी विचारलं. खरंच विचारलं होतं, हे यांनाही आठवतं.

"म्हणजे सरबराई. घरी पाहुणे आले की आपण त्यांची उठबस करतो ना, तशी. आईला सगळं हातात द्यायचं. काही कमी पडू द्यायचं नाही."

झालं. प्रूफ पास झालं.

आम्ही भाड्याने दवाखान्यासारखा पलंग आणला, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे असलेला. तो वरच्या खोलीत खिडकीपासून लांब लावला, वारा लागू नये म्हणून. आणि मी उठबस सुरू केली. तोंड धुवायला तांब्या पलंगावर. चहा फीडिंग कपातून. अंग पुसणं पलंगावर, वेणी पलंगावर, लघवी-संडासचं भांडंही पलंगावर. त्यांनी कूस वळायचा प्रयत्न केला तरी मी धावायचे. "आई, हलू नका, हाड निसटेल." सकाळी पायापासून डोक्यापर्यंत त्यांना आवरून मी खाली दुकान उघडायचे, दर तासाला वर येऊन बघायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लेकीने केलं नसतं एवढं करतेय हो. मला ते ऐकायला आवडायचं.

आणि खोटं कशाला बोलू, पहिले दहा-पंधरा दिवस मला बरं वाटलं. दुकान माझं होतं. मी खालच्या दुकानात एक स्टूल आणून ठेवलं. कुणी काही बोललं नाही. वर ती बाई आडवी होती आणि मी उभी होते, आणि पाणी हवं असलं तरी तिला मला हाक मारावी लागत होती. यात मला सुख वाटलं. फार नाही, पण वाटलं.

सुरुवातीला त्या भांडल्या. भ्रम आठवड्याभरात उतरला होता, डोकं लख्ख झालं होतं. "मला उठव," म्हणायच्या. "मला खाली सोडा, पाय टेकू द्या." एकदा कठड्यावरून पाय टाकायचा प्रयत्न करताना मी पकडलं, तेव्हापासून दुपारी दुकानात जाताना कठड्याची कडी मी दोरीने बांधायला लागले. आईला दोरी. पण ती बाई पुन्हा पडली तर, ही भीती खरी होती हो. हे तर त्यांच्याहून घाबरट. "आई, त्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, हयगय नको," म्हणायचे.

"अरे पण त्या पोरीने मला उभं केलं होतं!"

"ते तुला तेव्हा भास होत होते, आई."

यावर माणसाने काय बोलावं? एकदा माणूस वेडा ठरला, की खरंही वेड्याचंच होतं. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी म्हणायचं सोडलं. मी यांना म्हणाले, "आई शांत झाल्या, आता आराम पडतोय बहुतेक." प्रत्यक्षात त्या विझत होत्या. जेवण दोन घासांवर आलं. दिवसा झोपायच्या, रात्री छताकडे बघायच्या. माकडहाडापाशी चामडी लाल झाली, मग फुटली. टाचेवर काळा डाग आला. छातीत खर खर वाजायला लागलं. मांडी इतकी बारीक झाली की माझ्या दोन हातांच्या पकडीत यायची. मी जखमेला मलम लावत होते, खोकल्याचं औषध पाजत होते, आणि सगळं वेगवेगळं दुखणं समजत होते.

सहा आठवड्यांनी दाखवायला नेलं. चौघांनी खुर्ची उतरवली. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघितला, हाड छान जुळत होतं. मग पायाकडे पाहिलं, पाठीची जखम पाहिली आणि विचारलं, "किती चालतात घरात?"

"एक पाऊलसुद्धा नाही, डॉक्टर," हे अभिमानाने म्हणाले. "पाय जमिनीला लागू दिलेला नाही आम्ही."

डॉक्टरांनी हातातला फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "का?"

यांनी पाकिटातून तो कागद काढला. घडी जपून ठेवली होती. डॉक्टरांनी वाचला, मोठ्या सिस्टरना बोलावलं. सिस्टरनी स्वतःचं अक्षर वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, उठबस म्हणजे उठवायचं आणि बसवायचं! रोज! दुसऱ्या दिवशीच आम्ही वॉकर देऊन चार पावलं चालवलं होतं त्यांना. आम्ही घोडा म्हणतो त्याला इथे."

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

आणि आमचे हे! आभाळ कोसळलं तरी हा माणूस व्याकरण सोडायचा नाही. कापऱ्या आवाजात म्हणाले, "पण बाई, 'रुग्णाची उठबस करावी' याचा अर्थ सरबराई असा होतो. 'रुग्णाने उठबस करावी' असं हवं होतं. ची नाही, ने." आणि हे बोलता बोलताच त्यांना रडू फुटलं. एवढा मोठा माणूस डॉक्टरांच्या टेबलापुढे ढसाढसा रडला. सिस्टरच्या डोळ्यांतही पाणी आलं. चूक कुणाची म्हणायची? बाईंनी घाईत लिहिलं, यांनी शहाणपणाने वाचलं आणि मी मनापासून पाळलं.

डॉक्टरांनी मग आम्हाला बसवून सांगितलं, आणि आडपडदा ठेवला नाही. या वयात खुबा मोडलेल्या चार-पाच माणसांतला एक जण तरी वर्षाच्या आत जातो. हाडाने मरत नाही माणूस, पलंगाने मरतो. पडून पडून छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गाठ होते, पाठीला जखमा होतात, भूक मरते, आणि मग माणसाचं मनच उठायचं नाकारतं. "पडण्याआधी या दिवसभर उभ्या असायच्या, डोकं शाबूत आहे, घरात माणसं आहेत, हे तुमच्या बाजूने. ऑपरेशनला उशीर झाला आणि हे सहा आठवडे गेले, हे विरुद्ध. आता प्रत्येक दिवस महत्त्वाचा. रोज उभं करा. अंडी, दूध, डाळ पोटात गेली पाहिजे. जिना मात्र मी सांगेपर्यंत नाही. पुन्हा पडल्या तर मग माझ्या हातात काही नाही."

घरी आल्यावर मी पहिली ती दोरी सोडून चुलीत घालावी तशी कचऱ्यात घातली. कठडा खाली केला. वॉकर समोर ठेवला आणि म्हणाले, "चला आई, उठा."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. "मला नाही उठायचं."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. पण तो राग नव्हता. मी त्यांना काखेत धरून बसतं केलं, पाय खाली सोडले, तशी त्यांनी पलंगाची कड दोन्ही हातांनी अशी पकडली की नखं पांढरी झाली. घाबरल्या होत्या. ती बाई, जिला गल्लीतलं कुत्रंसुद्धा वळसा घालून जायचं, ती दीड हात खालच्या जमिनीला घाबरली होती. "पडेन मी. हाड निसटेल." माझंच वाक्य. सहा आठवडे रोज मी ते त्यांच्या कानात ओतलं होतं, आता ते आतून बोलत होतं. बाहेरचे कठडे मी काढले, पण हे कसे काढायचे ते मला कळेना.

वीस वर्षं ज्या बाईने मला बसू दिलं नव्हतं, तिला मी उठू दिलं नव्हतं, आणि आता ती उठत नव्हती. मी गोड बोलून पाहिलं, चिडून पाहिलं. व्यायामवाली मुलगी घरी आली, तीच ती पोरगी. तिने उभं केलं, तर दहा आकडे मोजेपर्यंत पाय लटलट कापले आणि कपडे ओले झाले. सासूबाई इतक्या शरमल्या की दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा आकडे, चौथ्या दिवशी सहाच. मग ताप आला, छाती भरली, आठवडा वाया गेला. त्या आठवड्यात मी देवाला काही मागितलं नाही, नुसती भांडले त्याच्याशी.

एका सकाळी अंडं भरवत होते तर त्यांनी तोंड मिटून घेतलं. मला एकदम रडायला आलं. ताटली आपटून मी म्हणाले, "मरायचंय ना तुम्हाला? मग नीट सांगा. पण मी मारलं असं माझ्या डोक्यावर ठेवून जाऊ नका!"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आवाज कमी कर. खाली गिऱ्हाईक असेल." आणि तोंड उघडलं.

त्यानंतर हळूहळू पलंगापासून खिडकीपर्यंत झालं, मग दारापर्यंत. महिन्याभराने वॉकर टेकवत त्या जिन्याच्या वरच्या पायरीशी जाऊन उभ्या राहायला लागल्या. त्याच्यापुढे रस्ता नव्हता. डॉक्टरांची हद्द तिथे संपत होती. रोज अकरा वाजता त्या तिथे जायच्या, खालून येणारा इस्त्रीचा वास घ्यायच्या, आणि वळून परत यायच्या. "अजून किती दिवस?" असं दर खेपेला डॉक्टरांना विचारायच्या आणि ते म्हणायचे, बघू. घर तेवढंच उरलं होतं, एक पलंग, एक खिडकी आणि एक न उतरायचा जिना. त्यातच त्या पुन्हा गप्प व्हायला लागल्या. दूध पुन्हा अर्धं राहायला लागलं. मला ती शांतता ओळखीची होती. दुसऱ्यांदा मी तिला आराम म्हणाले नाही.

एका दुपारी मी दुकानात शर्टाची कॉलर दाबत होते आणि जिन्यात काहीतरी घासल्याचा आवाज आला. इस्त्री बंद करून धावले. सासूबाई जिन्याच्या मधोमध बसलेल्या. वॉकर वर दाराशी तसाच. सातव्या पायरीपर्यंत त्या बसत बसत, एकेक पायरी घसरत आल्या होत्या आणि तिथे अंगातलं बळ संपलं होतं. वर जाता येईना, खाली येता येईना. कपाळावर घाम आणि पदर दातात धरलेला.

मी शेजारी जाऊन बसले. "लागलं का कुठे?"

"नाही. दमले." मग म्हणाल्या, "दुकान उघडं टाकून आलीस?"

"हो."

"इस्त्री?"

"बंद केलीय."

पायरी अरुंद होती, आमचे खांदे एकमेकांना लागत होते. वीस वर्षांत आम्ही दोघी अशा कधी बसलो नव्हतो. त्यांचा श्वास वाजत होता. मी त्यांच्या पाठीला हात लावला, जखम भरली होती, खालची हाडं हाताला लागत होती. मी मनाशी हिशेब केला. वर सात आणि खालीही सातच. वर पलंग होता, डॉक्टरांचा शब्द होता आणि पुन्हा न पडण्याची खात्री होती.

तेवढ्यात हे छापखान्यातून लवकर आले. खालून आम्हाला बघून पिशवीच हातातून सुटली. "आई! पडलीस का?"

"पडायला काय झालंय? खाली चाललेय," सासूबाई म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे पाहिलं. या घरात डॉक्टरांचं सांगणं आता मीच पाळायची आणि मीच पाळायला लावायची. यांना वाटलं, मी त्यांना वर घ्यायला सांगेन. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं.

"तुम्ही खालून धरा," मी म्हणाले. "मी मागून धरते."

यांनी चपला काढल्या, वर आले, आईच्या पायाशी उलटे बसले. सात पायऱ्या उतरायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि परत वर कसं जायचं, हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही.